चांगला वूड लेथ कोणता घ्यावा? गाव चोपडा (जळगाव), सिंगल फेज, बजेट 70 हजार

निंबाची_सावली
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून गावातल्या एका खरादीकडे रविवारी जाऊन बसतो. त्यांचं काम पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब आणि लाटणी. मला वाडगे करायची गोडी लागली आहे, आणि त्यांचं मशीन त्या कामाचं नाही. आता घरी स्वतःचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं मशीन, घ्यायचा आहे.
जागा: घरामागची पत्र्याची खोली. वीज: सिंगल फेज. वाडगे 10 ते 12 इंचांपर्यंत. बजेट 70 हजार, त्यात लेथ, हत्यारं, चक (लाकूड पकडणारा जबडा) सगळं आलं. घ्यायचा तर एकदाच चांगला घ्यायचा आहे. जळगाव, धुळे, फार तर इंदूर-सुरतपर्यंत जाऊन बघायची तयारी आहे.

तापीकाठ
राजकोट. डोळे झाकून राजकोट. मी तिथून ओतीव बेडचा (बेड म्हणजे मशीनचा खालचा पाट) लेथ आणला, ट्रान्सपोर्टने थेट जळगाव एमआयडीसीत उतरवला. चार माणसं लागली उचलायला. आजपर्यंत एक तक्रार नाही.

पुण्यातला_धुळेकर
राजकोटचा माल वाईट नाही, पण वाडगे करायचे तर जेट किंवा लागुना या परदेशी कंपन्यांचेच लेथ बघा. माझ्याकडे जेटचं 12-21 मॉडेल आहे, 1 एचपी, वेग मिनिटाला 60 ते 3600 फेरे. 60 वर लाकूड कसं शांत फिरतं ते एकदा बघाच. पुढचं स्वप्न वनवे किंवा विकमार्क. ड्युटी, जीएसटी, भाडं धरून बजेटच्या बरंच वर जाईल, पण हौसेला मोल नसतं.

निंबाची_सावली
दादा, हौसेला नसेल, माझ्या पगाराला आहे. 70 हजार, सगळं धरून.

लोकोशेड_निवृत्त
भुसावळला लोको शेडमध्ये नोकरी झाली, लेथवर हात बसलेला आहे. लाकडाचा वेगळा लेथ कशाला? लोखंडाचा जुना सहा फुटी घ्या, पंजाबातल्या बटाल्याचे सेकंडहँड मिळतात. अचूकपणा असा की केसाएवढा फरक पडणार नाही. मी निवृत्तीनंतर त्याच्यावरच नातवाला भोवरे करून दिले.

सागवानी_शहादा
काका, भोवरे होतील. 12 इंची वाडगा होणार नाही. त्याला हातात हत्यार धरून टेकवायला टूल रेस्ट लागते, तुमच्या लेथवर हत्यार पोस्टमध्ये आवळलेलं. लहान भोवऱ्याला दोन-अडीच हजारांचा वेग हवा, तो जुन्या लोखंडी लेथला नसतो. आणि लाकडाचा भुसा स्लाइडच्या तेलात बसला की त्याचा चिखल होतो.

लोकोशेड_निवृत्त
चिखल होतो तर पुसायचा. आमच्याकडे दर शिफ्टला मशीन पुसल्याशिवाय कार्ड पंच होत नव्हतं. हल्लीच्या पोरांना पुसायचा कंटाळा.

आहिरानी_मानूस
भो, इतला पैसा काबर घालस? मना घरना मांगे जुना दोरीना खराद पडेल शे. मना बाप त्यानावर लाटनं-पोयपाट करे. लई जा.

निंबाची_सावली
भाऊ, बघायला नक्की येतो. गाव कोणतं?

आहिरानी_मानूस
पारोळा. चहा पिवाले ये, खराद राहू दे. एक मानूस दोरी वढाले लागस, तो कोठून लयशी?

सागवानी_शहादा
मुद्द्यावर येतो. आमचं फर्निचरचं दुकान आहे, मागे दोन लेथ चालतात. ब्रँडचं नाव विचारण्याआधी या गोष्टी बघा.
स्पिंडलच्या (चक बसतो त्या फिरत्या दांड्याच्या) टोकाची आटी कोणती आहे ते आधी विचारा. 1 इंच 8 टीपीआय (इंचाला 8 आटे) किंवा मिलिमीटरमधली एम33 गुणिले 3.5 असेल तर बाजारातला कोणताही चांगला चक बसतो. गावठी आटी असेल तर जन्मभर टर्नरकडून अडॅप्टर करून घेत फिराल. आतला टेपर (निमुळतं भोक) एमटी2 मापाचा हवा, हेडस्टॉक (स्पिंडलची बाजू) आणि टेलस्टॉक (समोरचा सरकता आधार) दोन्हीकडे.
मग टेलस्टॉक सरकवत हेडस्टॉकपर्यंत आणा आणि दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांना भिडवा. टोकाला टोक लागलं तर ठीक. बाजूला गेलं तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी उठून या.
12 इंच स्विंग म्हणतात ते बेडवर फिरू शकणाऱ्या लाकडाच्या व्यासाचं माप. टूल रेस्टचा बॅन्जो (तिचा बेडवर सरकणारा पाया) मध्ये आला की वाडग्याच्या मागच्या बाजूला दोन-अडीच इंच कमी मिळतात. 12 इंची वाडगा हवा तर 14-15 इंच स्विंग बघा.
आणि सर्वांत कमी वेग किती ते विचारा. स्वस्त लेथ 500-700 पासून सुरू होतात. ओबडधोबड ओंडका पहिल्यांदा लावताना 500 म्हणजे मशीन खोलीभर नाचणार.

तापीकाठ
माझा 450 पासून आहे. नाचत नाही. कारण ओतीव बेड. आधीच सांगितलं, राजकोट.

वायरमन_यावल
मोटारीचं कुणी बोलत नाहीये. सिंगल फेजवर वेग कमी-जास्त करायचा तर दोन रस्ते. एक, डीसी मोटार आणि तिचा कंट्रोलर, लहान मशीनवर येते ती. दुसरा, थ्री फेज मोटार आणि सिंगल फेज घेणारा व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र). दुसरा रस्ता टिकाऊ.
पण एक गोम आहे. असा व्हीएफडी बाहेर 220 व्होल्टच थ्री फेज देतो. आपल्याकडच्या लहान मोटारी 415 वर स्टार या पद्धतीने जोडलेल्या असतात, त्या डेल्टा या दुसऱ्या जोडणीत कराव्या लागतात. मोटार घेताना वरचा वायरींचा डबा उघडून बघा. सहा टोकं बाहेर असली तर पट्ट्या फिरवल्या की काम झालं. तीनच असली तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतली टोकं बाहेर काढून घ्या. माझ्याकडे आलेले निम्मे लोक तीन टोकांची मोटार आणि व्हीएफडी घेऊन डोक्याला हात लावून आलेले.
दीड एचपी पुरे. आणि व्हीएफडी आहे म्हणून पुली एकच ठेवू नका. वेग फार खाली आणला की मोटारीत ताकद राहत नाही. दोन-तीन पायऱ्यांची पुली आणि वर व्हीएफडी, म्हणजे मोठा वाडगा सावकाश फिरतो आणि हत्यार टेकवलं की थांबत नाही.

निंबाची_सावली
हे माहीतच नव्हतं. धन्यवाद भाऊ. लोड शेडिंगचं काय?

वायरमन_यावल
त्याला माझ्याकडे औषध नाही.

बामणोदचं_वांगं
वाडगे कशाला करताय, भरताच्या बडग्या (वांगी ठेचायची लाकडी भांडी) करा! खरी लाकडी बडगी आता मिळत नाही. आमच्याकडे लग्नाला स्टीलच्या पातेल्यात मुसळ घालून वांगी ठेचली, चवच गेली.

पुण्यातला_धुळेकर
बडगी लांबट, होडीसारखी असते. लेथवर गोल वस्तू होते. ती वाकसानेच कोरावी लागेल.

बामणोदचं_वांगं
गोल केली तर भरीत आत जाणार नाही का? पुण्यात राहून भरीत शिकवू नका.

सागवानी_शहादा
भरीत बाजूला ठेवा. सगळे पैसे मशीनला घालून बसू नका. 70 मधले 25-30 हत्यारं, चक आणि ग्राइंडरला राखून ठेवा. हत्यारं एचएसएसची (हाय स्पीड स्टील). साध्या कार्बन स्टीलची धार ग्राइंडरवर निळी पडली की गेली. बाऊल गाऊज (वाडग्याची खोलगट पटाशी) एक, स्पिंडल गाऊज (खांब-पायांची) एक, पार्टिंग टूल (कापून वेगळं करायचं) एक, स्क्रेपर (खरवडायचा) एक. आठ पटाश्यांचा पेटीतला सेट घेऊ नका, त्यातल्या पाच पेटीतच राहतात.
जाड रफिंग गाऊज मिळाला तर तो फक्त पायांना, खांबांना. वाडग्याला कधीही लावू नका. त्याची दांड्यात जाणारी शेपटी बारीक असते, आडव्या रेषांत अडकला की तिथेच मोडतो.
धार लावायला 8 इंची ग्राइंडर आणि कोन धरणारा जिग. माझ्या दुकानात नवीन पोरगं महिनाभर फक्त धार लावतं.

अंजनवृक्ष
लाकूड कोणतं वापरणार? आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला अंजन आहे, त्याच्याइतकं जड आणि कठीण लाकूड देशात शोधावं लागेल. त्याचा वाडगा पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.

सागवानी_शहादा
वाडगा टिकेल, हत्यार टिकणार नाही. शिकाऊ माणसाला अंजन देऊ नका भाऊ. कडुनिंब, सुबाभूळ, आंबा यावर हात बसवा. नंतर बाभूळ. हळदू मिळाला तर सोनं, इतकं एकसारखं लाकूड कातायला दुसरं नाही. जंगलचा साग किंवा शिसव घ्यायचं तर वखारीतून पावतीनेच घ्या. कुणी डोंगरावरून आणून देतो म्हणाला तर वनखात्याच्या परवान्याचं विचारा.

पुण्यातला_धुळेकर
कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी कुड्याची असतात, तो सातपुड्यातही आहे. फुकटात मिळेल.

अंजनवृक्ष
कुडा औषधी आहे, जुलाबावर देतात. त्याची कसली खेळणी?

सागवानी_शहादा
दोन वेगळी झाडं आहेत. औषधाचा तो पांढरा कुडा. खेळण्यांचा काळा कुडा, पांढरंशुभ्र बारीक रेषांचं लाकूड. चन्नपट्टणला त्याच्यावर लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने चमक आणतात. गुजरातेत संखेडालाही लाखेचंच काम, पण सागावर. शहाद्याहून संखेडा काही फार लांब नाही, एकदा जाऊन या. शिकायला मिळेल.
आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा. पारा 45 ला गेला की ओला ओंडका एका रात्रीत टोकाला तडकतो. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट लावा. ओल्यातच जाडसर वाडगा काढून घ्या, 10 इंचाचा असेल तर भिंत इंचभर जाड ठेवा, आणि भुशात पुरून काही महिने विसरून जा. वाळला, वाकडा झाला, की परत लेथवर चढवून गोल करायचा.

शिरपूरची_माई
माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. आधी बारीक काम करत होता, बेल्ट जास्त वेगाच्या पुलीवर होता. तसाच बोरीचा ओंडका लावला आणि बटण दाबलं. ओंडक्यात आतून भेग होती. अर्धा तुकडा पत्र्याला भोक पाडून बाहेर गेला. तोंडावर काचेचं शील्ड होतं म्हणून डोळा वाचला, हनुवटीला टाके पडले. गळ्यात रुमाल, लांब बाह्या, हातमोजे यांतलं काही घालून लेथजवळ जाऊ नका. आणि बटण दाबताना ओंडक्याच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

सागवानी_शहादा
माई बरोबर बोलल्या. वेगाचा हिशेब सोपा आहे. इंचातला व्यास गुणिले आरपीएम, हे 6000 ते 9000 च्या आत ठेवा. 10 इंच असेल तर 600 ते 900. ओबडधोबड असेल तर त्याच्याही खाली सुरू करा. बटणाआधी हाताने एक फेरा फिरवून कुठे टेकत नाही ना ते बघा.

तापीकाठ
माझ्या राजकोटच्या लेथवर शील्ड फ्री आलं होतं.

पुण्यातला_धुळेकर
एवढं सगळं वाचून माझं मत तेच. एकदाच पैसे घाला, जेट घ्या. स्पिंडल 1 इंच 8 टीपीआय, टेपर एमटी2, सगळं जगात चालतं.

निंबाची_सावली
सगळ्यांचे आभार. ठरलं आहे, पण तुम्ही रागावाल. मामाच्या मुलाचं धुळ्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक तयार ओतीव विकत घेतोय, स्पिंडल 1 इंच 8 टीपीआय, स्विंग 15. बेड आम्ही दोन सी चॅनेल जोडून करणार आणि चॅनेलच्या पोटात काँक्रीट भरणार. दीड एचपी मोटार घेतली, सहा टोकांची, डबा उघडून बघितला. हत्यारं आणि चक यांना 28 हजार बाजूला काढलेत.

तापीकाठ
मग धागा काढला कशाला?

पुण्यातला_धुळेकर
वेल्डिंगचा बेड? शुभेच्छा.

लोकोशेड_निवृत्त
वेल्डिंगने चॅनेल ओढलं जातं, बेड सरळ राहणार नाही. आता ऐकाच. आधी सगळं वेल्डिंग संपवा, टाके इकडून-तिकडून आलटून पालटून मारा. थंड झाल्यावर वरच्या दोन पट्ट्या प्लेनरवर (लोखंड सपाट तासायचं मशीन) एका सेटिंगमध्ये काढून घ्या. हेडस्टॉक त्याच्यानंतरच बसवायचा.

निंबाची_सावली
काका, नक्की. एक विचारायचं होतं, काँक्रीट प्लेनरच्या आधी की नंतर? आणि पायांच्या बोल्टची भोकं कशी सोडायची?

लोकोशेड_निवृत्त
नंतर. भरलेलं चॅनेल प्लेनरवर चढवायला गाव गोळा करावं लागेल. जिथे जिथे बोल्ट जाणार तिथे वेल्डिंगच्या वेळीच पाइपचे तुकडे आरपार लावून ठेवा. मोटारीच्या वायरसाठीही एक पाइप सोडा, ते सगळे विसरतात. काँक्रीट कालवताना कोरडंच कालवा, फार पाणी घातलं तर आकसून चॅनेलपासून सुटतं. भरल्यावर मात्र एकवीस दिवस ओलं ठेवा आणि तोपर्यंत मशीनला हात लावू नका.

बामणोदचं_वांगं
धुळ्याला लांबट बडगी कोरणारं कुणी आहे का?

आहिरानी_मानूस
पारोळाले शे. चहा पिवाले ये.