डिस्टेंपर सिंहांना १९९४ मध्येच एवढा घातक का ठरला?

प्रश्न : टांझानियातील सेरेंगेटी अभयारण्यातले सुमारे एक तृतीयांश सिंह १९९४ मध्ये कॅनाइन डिस्टेंपर या मूळच्या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीत दगावले, मात्र हाच विषाणू पूर्वी त्यांच्यात फारशी हानी न करता येऊन गेला होता. मग त्या वर्षीच एवढा संहार का झाला?

उत्तर : विषाणू एकटा नव्हता. दुष्काळाने खंगलेल्या रानम्हशींवर गोचिडांचा सुळसुळाट झाला होता आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडांमार्फत पसरणारा बॅबेसिया हा परजीवी भरमसाट वाढला; त्यात डिस्टेंपरच्या विषाणूने, म्हणजे गोवराच्या विषाणूच्या या भाऊबंदाने, प्रतिकारशक्तीच खच्ची केली.

प्रश्न : हा विषाणू सिंहांपर्यंत आला कुठून?

उत्तर : संशय गावांतील कुत्र्यांवर होता, तो रास्तही होता, परंतु पुढे त्यांना लस देऊनही सिंहांमधील संसर्ग थांबला नाही, त्यामुळे इतर वन्य मांसभक्षकही विषाणू टिकवून ठेवत असावेत.

प्रश्नकर्ता : म्हणजे लसीकरण व्यर्थच?

उत्तर : रेबीजबाबत तरी मुळीच नाही. २००३ च्या रेबीजच्या साथीत ती रोखण्यासाठी इथिओपियातील दुर्मीळ लांडग्यांनाच पकडून लस टोचली गेली.