मदत हवी आहे: मोनेलचा बेलोज सील व्हॉल्व्ह निर्यात करायला स्कोमेट (नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराच्या वस्तूंची सरकारी निर्यात नियंत्रण यादी) परवाना लागेल का?

मकरपुरा_व्हॉल्व्ह (वडोदरा)
मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या युनिटला 40 नगांची चौकशी आली आहे. डीएन 25 (नॉमिनल साइज 25 मिमी) बेलोज सील ग्लोब व्हॉल्व्ह, म्हणजे दांड्याभोवती धातूची घडीची नळी बसवून गळती रोखणारा. बॉडी, बॉनेट, ट्रिम, बेलोज सगळं मोनेल 400 (निकेल-तांब्याचा मिश्रधातू). वापर रिफायनरीत, हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या लाइनवर. ऑर्डर देणारा व्यापारी एका देशात, रिफायनरी दुसऱ्या देशात. सीएचए (कस्टम्स एजंट) म्हणतो, एचएस कोड 8481 खाली साधा व्हॉल्व्ह आहे, काही लागत नाही. अणुऊर्जेशी तर आमचा संबंधच नाही. जाणकारांनी सांगावं.

रावपुरा
परवाना लागेल. एचएस कोडवर जकात ठरते, नियंत्रण वस्तूच्या गुणधर्मांवर. स्कोमेटची कॅटेगरी 4 (अणुक्षेत्राशी संबंधित इतर वस्तू) उघडा. नॉमिनल साइज 5 मिमी किंवा जास्त, बेलोज सील, आणि व्हॉल्व्ह पूर्णपणे ॲल्युमिनियम, त्याचा मिश्रधातू, निकेल किंवा 60 टक्क्यांहून जास्त निकेलच्या मिश्रधातूचा, किंवा आतून त्यांचं अस्तर. तिन्ही जुळलं की माल यादीत. मोनेल 400 मध्ये निकेल किमान 63 टक्के असतं.

संबंध कुठे येतो तेही सांगतो. युरेनियम समृद्ध करताना ते हेक्झाफ्लोराइड वायूच्या रूपात फिरवतात. हा वायू साध्या पोलादाला खातो, निकेल आणि ॲल्युमिनियम टिकतात. लाइनमधला दाब वातावरणापेक्षा कमी असतो, म्हणून गळती आतल्या बाजूला होते. ग्लँड पॅकिंगमधून (दांड्याभोवतीच्या साध्या भरावातून) दमट हवा शिरली की युरेनिल फ्लोराइडचा घट्ट थर साचतो आणि हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. बेलोज सील असलं की ते होत नाही. तुमच्या ॲसिड लाइनला जे गुण हवेत, तेच तिथेही हवेत.

मकरपुरा_व्हॉल्व्ह
मग हॅस्टेलॉय सी-276 हा दुसरा निकेल मिश्रधातू सुचवला तर?

रावपुरा
त्यात निकेल साधारण 57 टक्के, म्हणजे कॅटेगरी 4 मधून सुटेल. पण रासायनिक उपकरणांची नोंद कॅटेगरी 3 मध्ये वेगळी आहे. तिथे डीएन 10 च्या वरचे व्हॉल्व्ह येतात आणि द्रवाला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांत निकेल 40 टक्क्यांहून जास्त असलं तरी पुरतं. इन्कोनेल 625 या मिश्रधातूला किमान 58 टक्के निकेलची अट आहे, त्यामुळे एका हीटला (वितळवलेल्या एका घाण्याला) 59 आणि पुढच्या हीटला 61 येऊ शकतं. तिथे ग्रेडच्या नावावर जाऊ नका, एमटीसीवरचा (धातूच्या चाचणी प्रमाणपत्रावरचा) आकडा बघा. आणि परवाना चुकवायला मटेरियल बदलू नका, ॲसिडला काय चालतं त्यावरच ठरवा.

फतेगंज_एक्झिम
अर्ज डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ऑनलाइन होतो. पर्चेस ऑर्डर, पूर्ण तांत्रिक तपशील आणि एंड यूजर सर्टिफिकेट (माल शेवटी कोण, कशाला वापरणार याचं प्रमाणपत्र) लागतं. व्यापारी मधे असल्यामुळे त्याची आणि रिफायनरीची, दोघांचीही माहिती द्यावी लागेल. अर्ज अडकतात ते इथेच: ऑर्डरमध्ये 'मोनेल व्हॉल्व्ह', सर्टिफिकेटमध्ये 'व्हॉल्व्ह व सुटे भाग', नगसंख्या वेगळी, सही व्यापाऱ्याची. वर्णन तिन्ही कागदांवर शब्दशः एकच ठेवा, सही रिफायनरीच्या अधिकृत माणसाची. मग अर्ज आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो. ऑर्डरमधली डिलिव्हरीची मुदत परवाना मिळाल्यापासून मोजायची, हे आधीच लिहून घ्या.

हे किचकट आहे, पण करण्यासारखं आहे. 1974 च्या पोखरणनंतर न्यूक्लिअर सप्लायर्स ग्रुप (अणुसामग्रीच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा देशांचा गट) उभा राहिला, 1992 मध्ये त्याची दुहेरी वापराची यादी आली. सप्टेंबर 2008 मध्ये याच ग्रुपने भारताला सूट दिली, तेव्हा आपली निर्यात यादी त्यांच्या यादीशी जुळवून ठेवायचं आपण मान्य केलं. आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या) देखरेखीखालच्या काकरापारसारख्या अणुभट्ट्यांना आयात युरेनियम मिळायची वाट त्यानेच उघडली. बडोद्यातून जाणारा प्रत्येक व्हॉल्व्ह आपण दिलेल्या त्या शब्दाशी बांधलेला आहे.

मकरपुरा_व्हॉल्व्ह
समजलं. व्यापाऱ्याने बेलोजच्या वेल्डिंगची डिटेल ड्रॉइंग ईमेलवर आत्ताच मागितली आहेत.

रावपुरा
थांबा. यादीतल्या वस्तूचं तंत्रज्ञान ईमेलने पाठवणंही निर्यातच धरतात. बाहेरची मापं आणि फ्लॅंज रेटिंग असलेलं जीए (एकूण मांडणीचं) ड्रॉइंग कोटेशनला पुरतं. कन्व्होल्यूशनची (बेलोजच्या घड्यांची) मापं आणि वेल्डिंग प्रोसिजर परवान्याच्या अर्जात वेगळी नोंदवा, मंजुरी आली की द्या.