हापूसच्या संकेतस्थळावर मोबाइलवरचे ग्राहक थांबत नाहीत

प्रश्न: देवगडच्या आमच्या बागेतील हापूस आम्ही संकेतस्थळावरून थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना विकतो. बहुतेक लोक मोबाइलवरून येतात, परंतु पहिले पान पाहूनच परत जातात. संगणकावरून येणारे मात्र मागणी नोंदवतात. रचना मुळापासून बदलावी का?

उत्तर १: रचनेला हात लावण्यापूर्वी पान किती वेगाने उघडते हे मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात मोबाइलचा निकाल पाहावा. पानावरचा सर्वांत मोठा घटक, म्हणजे तुमच्याकडे बहुधा पेटीचे छायाचित्र, २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. कॅमेऱ्यातले छायाचित्र तसेच चढवले असल्यास ते मोबाइलला पुरेल इतके लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवावे. खालची छायाचित्रे वाचक तिथवर पोहोचल्यावरच उतरतील अशी सोय करावी. पहिल्या छायाचित्राला मात्र ती लावू नये, कारण त्यामुळे नेमके तेच उशिरा दिसते. (ही चूक मी स्वतः केली आहे.)

उत्तर २: वेगाचा मुद्दा मान्य आहे, तथापि ग्राहक भाव शोधत असतो. डझनाचा दर, फळाचे वजन आणि पेटी पोहोचण्याचा दिवस पहिल्याच पडद्यावर द्यावा. खाते उघडण्याची सक्ती नसावी, आणि पिनकोड आधी विचारावा, म्हणजे जिथे पेटी पाठवता येत नाही तिथल्या माणसाला अख्खा अर्ज भरावा लागणार नाही.

प्रश्नकर्ता: पहिले छायाचित्र ६ एमबीचे निघाले, आणि भाव चौथ्या पडद्यावर. आज दोन्ही बदलतो. पिनकोडचे काम पुढच्या आठवड्यात.