इंडक्शनचा बाण सुरू कुठून करायचा?

इंडक्शन 85 टक्के कार्यक्षम आणि गॅस शेगडी 68, म्हणून इंडक्शनवर ऊर्जा कमी वाया जाते, असं नेहमी सांगितलं जातं. आकडे ठीक आहेत, पण हा हिशोब भिंतीतल्या प्लगपासून सुरू होतो. तो वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशापासून धरा, चित्र उलटतं. कोथरूडच्या घरी मुलीच्या प्रकल्पासाठी आम्ही ऊर्जाप्रवाहाची आकृती आलेख कागदावर काढली; पट्टी जितकी रुंद, तितकी ऊर्जा जास्त. कोळशाची पट्टी 10 सेंटिमीटर रुंद. वीजकेंद्रातून बाहेर पडताना साडेतीन उरली, तारांमधून घरी पोचेपर्यंत तीनच्या आत, आणि भांड्यात जेमतेम अडीच! चिमणी आणि कूलिंग टॉवरकडे वळणारा साडेसहा सेंटिमीटरचा बाण रंगवताना तिचा लाल खडू निम्मा झिजला. आकड्यांनी जे तिला कळत नव्हतं ते त्या खडूने कळलं.

गॅसलाही शुद्धीकरण, वाहतूक यांचा तोटा आहेच, पण तो इतका जाड नाही. छतावर सोलर असेल तर मात्र कोळशाची पट्टीच उरत नाही, तिथे इंडक्शन खुशाल घ्या. अभियंते कॅप्टन सँकी यांनी 1898 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी अशी आकृती काढली, तीही उष्णता कुठे कुठे निसटते हे डोळ्यांना दिसावं म्हणूनच.