मदत हवी आहे : परळला बाळाची प्रतिकारशक्ती तपासणी

नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी पाच महिन्यांची, राहायला कसबा बावड्यात. जन्मापासून डोक्यावर, भुवयांवर केसच नाहीत, नखं वेडीवाकडी. घरातल्या बायका ‘जावळ उशिरा येतं एखाद्याचं’ म्हणत राहिल्या. पण तोंडातली बुरशी औषधानं जाते आणि परत येते, जुलाब थांबत नाहीत, त्यात आता न्यूमोनिया.

इथल्या बालरोगतज्ज्ञांनी (देव भलं करो त्यांचं) केस, नखं आणि संसर्ग एकत्र जोडून पाहिले. संशय ‘फॉक्सएन१’ जनुकावर आहे. केस-नखांना आणि छातीतल्या थायमस ग्रंथीला हेच जनुक लागतं. थायमस नसेल तर टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होत नाहीत. आई-वडील दोघंही वाहक (स्वतः निरोगी, पण जनुकाची एक प्रत सदोष) असले तर प्रत्येक बाळाला धोका २५ टक्के. बहीण मामाच्याच घरी दिलीय, पण आत्ता तो वाद नको. ‘नेमो’ जनुकातही असंच काहीसं दिसतं, मात्र उपचार वेगळे. तिथं अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार होतो, थायमसच नसेल तर मुख्य उपाय थायमस प्रत्यारोपण, तेही परदेशात. म्हणून जनुक तपासणी आधी हवी.

पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस या जिवंत जंतूंच्या लसी, प्रतिकारशक्ती नसेल तर त्यांचाच संसर्ग होऊ शकतो, म्हणून बंद केलेत. बीसीजीही (क्षयाची लस) तशीच, ती मात्र जन्मतःच दिलेली, त्याचीच धास्ती.

परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत कुणी बाळाची तपासणी केलीय का? नमुना कोल्हापुरातून पाठवता येतो की बाळ न्यावंच लागतं? महालक्ष्मी एक्सप्रेसच्या गर्दीत न्यायचा धीर होत नाही. दुर्मीळ आजार धोरणातून ५० लाखांपर्यंत मदत मिळते, त्याचा अर्ज केईएममध्ये कुणी भरलाय का? घरगुती उपाय कृपया सुचवू नका.