डब्ल्यूटीओतून निघालो तर कापूसवाल्याला मोकळीक मिळेल का?

चोपड्याचा_कापूसवाला
राम राम मंडळी. गावात वाद चाललाय की बाहेरचे लोक नियम करतात न आपला भाव पडतो, म्हणून देशाने डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटना, सोडावी. पण 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबर अखेरपर्यंत, ते तर दिल्लीनेच ना? ऐन वेचणीत बाहेरच्या कापसाला वाट मोकळी. मग देशाच्या हातात जास्त सत्ता आली की शेतकऱ्याचं स्वातंत्र्य वाढतंच असं आहे का?

तापीकाठ
नाही वाढत भाऊ. डब्ल्यूटीओ शुल्काची वरची मर्यादा ठरवते, शुल्क काढा असं तिने सांगितलं नव्हतं. उलट बियाण्याचं बघा, डब्ल्यूटीओच्या ट्रिप्स करारात (पेटंटसारख्या बौद्धिक हक्कांचा करार) होतं की वाणांना पेटंट द्या नाहीतर स्वतःचा परिणामकारक कायदा करा, आपण कायदा केला, 2001 चा. कलम 39 नुसार शेतकरी बी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूसुद्धा शकतो, फक्त ब्रँडच्या नावाने नाही. जागा होती न संसदेने ती शेतकऱ्यासाठी वापरली, मला याचा अभिमान वाटतो.

शिरपूरकर
दादा कागदावर छान आहे, पण कापसात त्याचा उपयोग किती? आपल्याकडे बहुतेक बीटी (बोंडअळीला तोंड देणारं, जनुक बदललेलं) संकरित, सरकी राखून पेरली तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणजे दरवर्षी पाकीट घ्यायलाच लागतं. तणनाशकाला दाद न देणारं वाण हवं तर त्याला सरकारची मंजुरी नाही, म्हणून लोक चोरबीटी, म्हणजे चोरून विकलेलं तेच बी, लावतात, बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? 2019 ला शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते उघड पेरून कायदेभंग केला. काय पेरायचं हे शेतकऱ्याला ठरवू द्या, माझं तरी हेच मत.

धुळेकर_भो
पेरायचं स्वातंत्र्य ठीक आहे भो, पण तणनाशकाचा फवारा वाऱ्याने शेजारच्या साध्या कापसावर गेला तर त्याचं स्वातंत्र्य कुठे? नव्या वाणाची सरकारी तपासणी पाहिजेच, फक्त ती वर्षानुवर्षं लटकू नये. आणि डब्ल्यूटीओ सोडू नका. ब्राझीलने 2002 ला अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तिथेच तक्रार केली, जिंकला, 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर घेतले. आता अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019 पासून तिथलं अपील मंडळच बंद पडलंय, ते चालू करायला भारताने जोर लावावा.

चोपड्याचा_कापूसवाला
पटलं. मग आपली मागणी दिल्लीकडेच पाहिजे, वेचणीच्या महिन्यांत शुल्क काढायचं असेल तर आधी सरकारी खरेदी केंद्रं चालू करा. ग्रामसभेत ठराव मांडतो, मसुदा इथे टाकेन.