रेडिओवर महिन्यातून एक अख्खा दिवस शास्त्रीय संगीत असावं का?

मंद्र (धागाकर्ती)
गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला उठून न्यूजऑनएअर ॲपवर रागम लावलं आणि रात्री झोपेपर्यंत बंदच केलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रागम म्हणजे आकाशवाणीचं 24 तास शास्त्रीय संगीताचं चॅनल, 26 जानेवारी 2016 ला सुरू झालं, हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही असतं. दुपारी तीनच्या सुमारास भीमपलासी हा दुपारचा राग लागला तेव्हा मी गवार मोडत बसले होते, आलाप मध्यमावर (म या स्वरावर) येऊन थांबला आणि शेंग हातातच राहिली. मग लक्षात आलं की वीसेक वर्षं मैफिलींना जातेय पण समोर बसून भीमपलासी दोन-तीनदाच ऐकलाय. कारण मैफल संध्याकाळी सहाची! त्यामुळे संध्याकाळचे-रात्रीचेच राग, यमन, पूरिया धनाश्री, मारुबिहाग, फार तर बागेश्री. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, त्यामुळे दरबारी आणि मालकंस हे उशिरा रात्रीचे राग पावणेदहाच्या आत कसेबसे उरकायचे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी पहाटेपर्यंत चालायचा, आता ते राहिलं नाही. म्हणजे दिवसरात्रीचे आठही प्रहर, ज्या त्या वेळेच्या रागांसकट, ऐकवू शकेल असं रेडिओशिवाय उरलंय काय?
माझं म्हणणं एवढंच, आकाशवाणीच्या आपल्या मराठी केंद्रांनी महिन्यातला एक रविवार सूर्योदय ते सूर्योदय असा द्यावा, प्रहराप्रमाणे, मराठीतून माहिती सांगत. तुम्हाला काय वाटतं?

मातीतला
माझा स्पष्ट विरोध आहे. मध्यमलहरींचं केंद्र गावाकडे आजही लोक शेतीचे कार्यक्रम, हवामान, बाजारभाव आणि प्रादेशिक बातम्यांसाठी लावतात. ऐन पेरणीच्या दिवसांत रविवारभर ख्याल (शास्त्रीय गायन) लावला तर त्यांनी काय करायचं? तुमच्याकडे ॲप आहे, रागम आहे, मग आमचं केंद्र कशाला पाहिजे?
आणि हा प्रयोग होऊन गेलाय. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून त्यांनी सिनेसंगीताला रेडिओवरून जवळपास हद्दपार केलं. लोक अभिजात ऐकायला लागले का? नाही, रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी 1957 ला विविध भारती काढावी लागली. चांगलं असलं तरी लादलं की माणूस बटण फिरवतोच.

काळी चार
मातीतला, केसकरांची दुसरी बाजू पण सांगा की. त्याच 1952 मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1954 पासून आकाशवाणी संगीत संमेलन. संस्थानं विलीन झाल्यावर दरबारी कलावंतांना पगार द्यायला राजे उरले नव्हते, तेव्हा कितीतरी वादक-गायकांची चूल रेडिओच्या नोकरीवर आणि कॉन्ट्रॅक्टवर पेटली. हे विसरून चालणार नाही.
मी तबला वाजवतो, म्हणून रेडिओवर मिळणाऱ्या स्लॉटबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळेबद्दल बोलतो. विलंबित एकताल (बारा मात्रांचा ताल) अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत घेतला तर एका आवर्तनालाच, म्हणजे तालाच्या एका फेरीलाच, मिनिटभर जातं. दहा मिनिटांच्या स्लॉटमध्ये गायकाने सुरुवातीचा आलाप करायचा, स्थायी मांडायची, अंतरा घ्यायचा, द्रुत बंदिश पण गायची, मग राग बसणार कुठे? आमचं एक रेकॉर्डिंग लागलं होतं तेव्हा घरचे सगळे गोळा झाले, द्रुतमध्ये तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणार तेवढ्यात आवाज खाली खाली गेला आणि जाहिरात सुरू. आई म्हणाली, "संपलं होय रे?" काय सांगणार? दिवसभर वेळ असेल तर निदान कुणाचा राग असा अर्ध्यावर तुटणार नाही.

एकआवर्तन
मला मंद्रताईंची तळमळ पटते पण उपाय पटत नाही. दिवसभर चालू ठेवलेलं संगीत ऐकलं जात नाही हो, ते मागे वाजत राहतं, पंख्यासारखं. माझे कान तयार झाले विविध भारतीवरच्या सकाळच्या संगीत सरितेवर. रागाचं चलन (स्वरांची चाल) सांगायचे, थोडं गाऊन दाखवायचे आणि मग त्याच रागातलं सिनेमाचं गाणं. रोज थोडंथोडं, शाळेत जायच्या आधी, आई डबा भरतेय तोवर. त्यातून मला कोमल गंधार (ग हा स्वर) कळला, 24 तासांच्या पंगतीतून कळला नसता. नवा माणूस आणायचा तर रोजचा अर्धा तास द्या आणि तो नीट द्या, कापाकापी न करता.
आणि शुद्धतेच्या नादात रेडिओने चुकाही केल्यात. 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर (हार्मोनियमवर) बंदी होती! आज पेटीशिवाय ख्यालाची साथ कल्पनेत तरी येते का? त्यामुळे 'प्रहराप्रमाणेच' असा आग्रह धरला की मला जरा भीतीच वाटते.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून लिहितोय. तिकडे पहाटे पाचला ललत लागतो तेव्हा उन्हाळ्यात आमच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात असतात, आणि तुमचा दुपारी तीनचा भीमपलासी आमच्या पहाटे साडेपाचला. पहिल्यांदा फार चुकल्यासारखं व्हायचं. आता संध्याकाळी ऑफिसातून येताना गाडीत ललत ऐकतो, दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र) एकापाठोपाठ लागले की अंगावर काटा येतोच, बाहेर काय वाजलेत हे त्याला माहीत नसतं. तेव्हा प्रहराचं एवढं मनावर घेऊ नका, जुनी रेकॉर्डिंग्ज कधीही ऐकता येतील अशी ठेवा, त्यातच सगळ्यांचं भलं आहे.

मंद्र
हडसनकाठ, तुम्हाला चुकल्यासारखं वाटलं ना पहिल्यांदा? कारण तुमच्या कानाला ललत पहाटेचाच माहीत होता. ज्यांनी तो पहाटे कधी ऐकलाच नाही त्यांना चुकल्यासारखं तरी कसं वाटेल? रेकॉर्डिंग्ज हव्यातच, पण ती शोधायला आधी नाव माहीत लागतं, रेडिओ न मागता कानावर घालतो.
एकआवर्तन, रोजचा अर्धा तास मलाही हवाय, त्यात भांडण नाहीच.
मातीतला, तुमचा मुद्दा मात्र लागला. माझ्या डोक्यात पेरणी आली नव्हती, खरंच. मग असं केलं तर? बरीचशी प्रादेशिक केंद्रं रात्री अकराच्या सुमारास बंद होतात ती पहाटे उघडतात. महिन्यातल्या एका शनिवारी ती रात्रच द्या. कुणाचा बाजारभाव जाणार नाही, आणि मैफिलीतून जे राग गेले ते नेमके त्याच वेळेचे आहेत.

मातीतला
रात्रीला माझी हरकत नाही. पण ऐकणार कोण? गाव नऊला झोपतं.

प्रवरेकाठ
सगळं गाव नाही झोपत भाऊ. आमच्याकडे थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीची असते, तेव्हा उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. बिबट्याची भीती असते म्हणून तो पेनड्राइव्हचा छोटा रेडिओ मोठ्याने लावून बांधावर ठेवतो, माणसाचा आवाज चालू राहिला पाहिजे एवढंच. पेनड्राइव्हमधली तीच तीच पन्नास गाणी आता पाठ झालीत. मला राग-बिग कळत नाही. पण अकरानंतर कुणी गात असेल तर बारं धरताना मी ऐकेन, फक्त ते ॲपवर नको, रेंज नसते तिथं, एफएमवर लावा म्हणावं.